आळ आला ड्रायव्हरवर

लॅबचा सर्व्हर बसला, नेटवर्क गेलं, की आपण लगेच म्हणतो, 'कार्डाचा ड्रायव्हर खराब असणार.' मीही असं म्हणून एक आख्खा आठवडा वाया घालवलाय. म्हणून तुम्हाला २००८ सालची ही गोष्ट सांगतो.

लिनक्स कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या तेव्हा येत होत्या. त्या चालवणाऱ्या काहींची इंटेलची नेटवर्क कार्डं एकदम मरायला लागली. रीस्टार्ट करूनही उपयोग नाही, कारण कार्डाची सेटिंग्ज जपणारी कायमची मेमरीच बिघडलेली. ड्रायव्हरचं नाव ई१०००ई. संशय साहजिकच त्याच्यावर.

आता विचार करा, हे शोधायचं कसं? नेहमीची रीत म्हणजे चांगली आणि बिघडलेली आवृत्ती घ्यायची, मधली तपासायची, असं अर्धं-अर्धं करत जायचं. पण इथे बिघाड दिसला की कार्ड गेलं! आणि तो दर वेळी दिसायचाही नाही. म्हणजे 'दिसला नाही' यावरून 'ही आवृत्ती चांगली' असंही म्हणता येईना.

खरा दोषी निघाला एफट्रेस. कर्नलमधली कोणती फंक्शन्स कधी चालतात हे टिपणारं नवं साधन, नेटवर्कशी संबंध शून्य. कोडमधल्या काही जागांचे पत्ते ते लिहून ठेवायचं आणि नंतर तिथे जाऊन बदल करायचं. मधल्या काळात, फक्त सुरुवातीला लागणारा कोड मेमरीतून निघून गेलेला असायचा आणि कधीकधी त्याच पत्त्यावर कार्डाची मेमरी जोडलेली असायची. बदलण्याआधी एफट्रेस 'इथे जुनंच आहे ना?' असं तपासायचं खरं. पण त्यासाठी वापरलेली प्रोसेसरची सूचना, तुलना चुकली तरी, असलेलं मूल्य पुन्हा लिहिते. साध्या रॅममध्ये त्याने काहीच बिघडत नाही. कार्डाच्या फ्लॅशमध्ये बिघडलं.

माझ्या मते ड्रायव्हरही अगदी धुतल्या तांदळासारखा नव्हता. ती मेमरी त्याने लिहिण्यासाठी उघडी ठेवली होती. तिला कुलूप लावणारा बदल आधी आला. ९ ऑक्टोबरला २.६.२७ निघाली, आणि काही दिवसांतच २.६.२७.१ मध्ये एफट्रेसची ती सोय बंद केली गेली. २.६.२८ मध्ये ती परतली तेव्हा जागांची यादी कर्नल कंपाइल होतानाच तयार होऊ लागली होती.