विसाव्याची मजुरी

डोहाळजेवण, माहेरची अंधारी बाळंतिणीची खोली, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी... बाळाच्या आगमनाची तयारी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर हेच येते. या चित्रात गर्भवतीला सवड आहे, हे आपण गृहीतच धरलेले असते. मुंबईच्या कापड गिरणीतल्या बाईला ती सवड नव्हती. खाडा झाला की मजुरी बुडे.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला आणि माहेरच्या मायेवर सोपवलेला विसावा गिरणी कामगार बाईचा हक्क ठरला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली; त्यांतले ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेण्याची मुभा मिळाली.

परंतु मुकादमाकडून उचल घेऊन नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली मराठवाड्यातली बाई दिवस भरत आले तरी मोळ्या वाहते. तिच्या विसाव्याची मजुरी कोणी द्यायची? १९२८ चा हा प्रश्न तिच्यापुरता अजून सुटलेला नाही, असे आम्हांला वाटते.