निजामाच्या मुलखातील पाखरांची नोंद

होळीच्या सुमारास जिंतूरकडच्या माळावर पळस फुलतो. रब्बी ज्वारीवरून शेतकरी ज्यांना गोफणीने हाकलतो, त्याच भोरड्या आता मध पिण्यासाठी पळसावर उतरतात आणि चैत्रानंतर मध्य आशियाची वाट धरतात. तारेवर नीलपंख बसलेला असतो. बांधावर हुदहुद चोच मारीत फिरतो. कुरआनात हजरत सुलेमान यांना सबाच्या राणीची खबर देणारा तो हाच पक्षी.

या मुलखातील पाखरांची पद्धतशीर पाहणी १९३१-३२ साली झाली. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता. पाहणी करणारे होते मुंबईच्या मुसलमान घरातले सलीम अली.

१८९६ साली जन्मलेले सलीम अली लहानपणीच पोरके झाले. मामू अमीरुद्दीन तय्यबजींनी त्यांना वाढवले. एकदा छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा ठिपका दिसला. असली चिमणी खाणे जायज आहे का, अशी शंका मनात आली. मामूंनी रागावून गप्प केले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे चिठ्ठी देऊन पाठवले. एका मुलाची शंका अशी विद्येच्या दारापर्यंत पोचली.

१९३० साली जर्मनीहून शिकून परतल्यावर त्यांना नोकरी उरली नव्हती. तेव्हा त्यांनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला : पगार नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या. निजाम सरकारने तो मानला. या भटकंतीत बेगम तहमीना त्यांच्यासोबत असत. पाहणीचा वृत्तांत पुढे सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापून आला.

हैदराबाद संस्थान म्हटले की मराठवाड्याला १९४८ साल आठवते. त्या जखमा खऱ्या आहेत. त्या नाकारू नयेत. पण त्याच दौलतीच्या खर्चाने आपल्या रानातल्या पाखरांची नोंद झाली, हाही आपलाच इतिहास आहे. राजवट गेली, फर्माने गेली, नोंद मात्र उरली.

दख्खनच्या माळांवर पूर्वी माळढोक वावरत असे. आज महाराष्ट्रातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. जुन्या नोंदी नसत्या, तर आपले काय हरवले हेही कळले नसते. म्हणून मुलांना घेऊन माळावर जावे आणि त्यांच्या हाती एक वही द्यावी. तारीख, गाव आणि दिसलेले पाखरू, एवढे लिहिले तरी पुरे. आणि त्यांनी काही विचारले, तर मामूंसारखे वागावे.