बालपणींच्या दुःखाचें मोजमाप

दुःख मोजतां येतें काय, असें कोणीं विचारिलें तर आपण बहुधा हंसूं. परंतु वैद्यकानें तें साहस केलें आहे. अमेरिकेंतील डॉ. व्हिन्सेंट फेलिटी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनीं १९९८ सालीं ९,५०८ प्रौढांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणीं मारहाण झाली काय, आईस मार खातांना पाहिलें काय, घरांत कोणी मद्यपी, मनोरुग्ण वा तुरुंगांत गेलेला होता काय, अशा प्रश्नांचे त्यांनीं सात वर्ग केले. पुढें ते दहा झाले. प्रत्येक होकारास एक गुण. चार वा अधिक गुण असणारांत मद्यासक्ति, विषण्णता व आत्महत्येचा प्रयत्न यांचा संभव, एकहि गुण नसणारांच्या मानानें चार ते बारा पट आढळला. बालपणींची जखम प्रौढपणींहि माणसाची पाठ सोडीत नाहीं, हें यामुळें आंकड्यांनिशीं दिसूं लागलें. हा लाभ लहान नव्हे.

तथापि मापाची खरी पारख परक्या भूमीवर होते. हें माप आपण डहाणूस लावून पाहूं.

समुद्रकांठचें धाकटी डहाणू हें मासेमारांचें गांव; पूर्वेस आंतल्या बाजूला वारल्यांचे पाडे पसरलेले आहेत. डहाणू-तलासरीकडचे कित्येक पुरुष गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात. त्यांपैकीं कांहीं, पाण्यावर न दिसणारी सरहद्द ओलांडल्याच्या आरोपावरून, कराचीच्या तुरुंगांत पडले. अशाच्या मुलास, घरांतील कोणी तुरुंगांत होतें काय, असें विचारिलें तर उत्तर होय; गुण एक. चोरीबद्दल शिक्षा भोगणाऱ्याच्या मुलासहि तोच एक. घरचा मिळवता हात गेला, आणि तोहि गुन्हा नसतां, हें त्या एकांत कोठेंच उमटत नाहीं.

त्याहून विलक्षण गोष्ट इतिहासांत आहे. ह्या भागांत लग्नासाठीं जमीनदाराकडून कर्ज काढणारा वारली 'लग्नगडी' होई. तो, त्याची बायको व पुढें मुलेंहि त्या ऋणापायीं धन्याकडे राबत. १९३९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या सिमिंग्टनसाहेबांच्या सरकारी अहवालांत वेठीचें वर्णन आहे. मे १९४५ मध्यें तलासरीजवळील झरी येथें, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं, वारल्यांनीं वेठ नाकारण्याचा निश्चय केला. अशा लग्नगड्याच्या एखाद्या मुलाची कल्पना करा. बाप मारीत नाहीं, आई प्रेमळ, दोघें एकत्र. त्याचे गुण शून्य! कारण जाच होता जमीनदाराच्या वाड्यावर, आणि प्रश्न आहेत बहुतेक आपल्याच उंबऱ्याच्या आंतले.

जागतिक आरोग्य संघटनेनें पुढें वेगळी प्रश्नावली केली व तींत वस्तींतील आणि सामूहिक हिंसेस स्थान दिलें. परंतु अन्नाविषयींचा तिचा प्रश्न असा आहे, कीं सहज शक्य असूनहि पालकांनीं पुरेसें खावयास दिलें नाहीं काय. ही अट न्याय्य आहे. तिच्यामुळें गरीब आई दोषी ठरत नाहीं. मात्र दारिद्र्यानें आलेली भूक ह्या प्रश्नाच्या गणतींतून सुटते.

मग मोजणी टाकून द्यावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ १९४५ मध्यें बोर्डीस आल्या, तेव्हां वारली मुलें शाळेंत येईनात. हजेरीपटास एवढेंच कळतें, कीं मूल गैरहजर. ह्या दोघींनीं मुलाचा दिवस पाहिला: कोणी गुरें राखीत होतें, कोणी धाकटें भावंड सांभाळीत होतें. मग शाळाच पाड्याच्या अंगणांत व गुरांच्या कुरणांत गेली. अंगणवाडी व कुरणशाळा हीं नांवें त्यांतून रूढ झालीं. १९५७ मध्यें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावलें. त्यांनीं गुण मांडले नाहींत. पण मोजण्यापूर्वीं जें करावयाचें तें केलें. दुःख कोठून येतें, हें त्यांनीं मुलाच्या दिनक्रमांत शोधिलें.

२०२० सालीं खुद्द अँडा यांनींच बजाविलें, कीं हा गुणांक एकेका व्यक्तीची पारख करण्यास वापरूं नये. समाजाची स्थिति कळावी म्हणून तो आहे. तेव्हां डहाणूच्या मुलांसाठीं प्रश्न लिहिणारांनीं आधीं कुरणांत जाऊन बसावें, आणि तेथें जें दिसेल त्याचे रकाने कागदावर आणावेत. नाहीं तर दुःखी मुलांच्या नांवापुढें शून्य पडत राहील, आणि शून्यास कोणी मदत पाठवीत नसतें.