चिखलवाटेपासून महामार्गापर्यंत : अमेरिकेतील उंचावलेले पिकअप ट्रक आणि त्यांचे चालक

प्रस्तावना

महाराष्ट्रात ‘पिकअप’ म्हटले की बाजार समितीच्या आवारात भाजीपाला उतरवणारे मालवाहू वाहन डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र या वाहनाला गेल्या शंभर वर्षांत निराळे सामाजिक स्थान प्राप्त झाले आहे. तेथे ते शेतकऱ्याचे व कामगाराचे साधन आहे, तसेच असंख्य कुटुंबांचे रोजच्या वापराचे वाहनही आहे. या ट्रकचा सांगाडा अधिक लांब स्प्रिंगा किंवा ठोकळे बसवून उंच करावयाचा, त्याला मोठे टायर लावावयाचे आणि तो सार्वजनिक रस्त्यावर चालवावयाचा, अशी एक प्रथा तेथे रुजली आहे. प्रस्तुत निबंधात या प्रथेचा ऐतिहासिक आढावा घेऊन वाहनाची उंची आणि ते चालविण्याची रीत यांचा परस्परसंबंध तपासला आहे. उंचीची मूळ गरज खराब जमिनीवरून सावकाश जाण्याची होती. तीच उंची चांगल्या रस्त्यावर वेगाने धावू लागली तेव्हा तिच्यातील धोका मालकाकडून इतरांकडे सरकला, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. गरजेतून आलेली उंची

फोर्ड कंपनीने एप्रिल १९२५ मध्ये ‘मॉडेल टी’ मोटारीला मागे मालाची पेटी जोडून कारखान्यातच तयार केलेला पिकअप बाजारात आणला. त्याची किंमत २८१ डॉलर होती. त्या काळी अमेरिकेच्या ग्रामीण भागातील बहुसंख्य रस्ते कच्चे होते. त्यामुळे जमिनीपासून पुरेसे अंतर राखणारी बांधणी ही निव्वळ सोय होती.

दुसऱ्या महायुद्धात चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या लष्करी वाहनांचा अनुभव हजारो सैनिकांनी घेतला. युद्धानंतर, १९४६ मध्ये, डॉज कंपनीने आपल्या लष्करी ट्रकवर आधारलेला ‘पॉवर वॅगन’ नागरी ग्राहकांसाठी विक्रीस आणला. मिनिआपोलिस येथील नॅपको ही कंपनी साध्या ट्रकला चारचाकी शक्ती देणारे जोडसंच पुरवीत असे. १९५७ मध्ये शेव्हरोलेने ही सोय कारखान्यातूनच उपलब्ध करून दिली आणि १९५९ मध्ये फोर्डने स्वतःची रचना आणली. शेतकरी, वनखात्याचे कर्मचारी, तेलविहिरींवरील कामगार हे या वाहनांचे प्रमुख ग्राहक होते. उंची ही त्यांच्या कामाची अट होती.

सरकारी धोरणांनीही पिकअपच्या प्रसारास हातभार लावला. युरोपीय देशांनी अमेरिकी कोंबड्यांवर लादलेल्या जकातीला प्रत्युत्तर म्हणून १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातकर लागू झाला. १९७५ च्या ऊर्जाविषयक कायद्यान्वये इंधनबचतीचे निकष आले, परंतु ते हलक्या ट्रकसाठी मोटारींच्या मानाने सौम्य ठेवण्यात आले. परिणामी देशी बनावटीच्या मोठ्या ट्रकला अनुकूल बाजारपेठ निर्माण झाली.

२. कौशल्य आणि प्रदर्शन

१९६७ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातील पहिली मोठी वाळवंटी शर्यत झाली, तर युटा राज्यातील मोआब येथे ईस्टरच्या सुटीत जीपचालकांचा मेळावा सुरू झाला. शर्यतीत वेगाला महत्त्व होते, तर मोआबच्या खडकांत संयमाला. खडकाळ वाटेवर अनुभवी चालक टायरमधील हवा कमी करतो, सर्वांत खालच्या गिअरमध्ये वाहन अक्षरशः पावलापावलाने पुढे नेतो आणि एक सोबती उतरून चाकाची जागा हाताने दाखवितो. येथे चूक झाली तर आस मोडतो किंवा वाहन कलंडते. तिचे मोल बहुधा चालकालाच मोजावे लागते. या छंदामुळे सार्वजनिक जमिनीची झीज होऊ लागल्याने १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अशा वाहनांच्या नियमनाचा आदेश काढला, तर १९८५ मध्ये वनसेवेने जमिनीला इजा न करता वाहन चालविण्याच्या शिक्षणासाठी ‘ट्रेड लाइटली’ हा उपक्रम सुरू केला.

प्रदर्शनाचे पर्व मिझुरी राज्यात सुरू झाले. सेंट लुईस परिसरात चारचाकी शक्तीच्या वाहनांचे दुकान चालविणारे बॉब चँडलर आपल्या १९७४ च्या फोर्ड एफ-२५० ट्रकचे भाग वारंवार मोडीत असत. ॲक्सिलरेटरवर पडणाऱ्या त्यांच्या जड पायावरून ट्रकला ‘बिगफूट’ हे नाव मिळाले. मोडलेल्या भागाच्या जागी अधिक भक्कम भाग आणि मग अधिक मोठे टायर, अशा क्रमाने ट्रक उंच होत गेला. १९८१ मध्ये चँडलर यांनी तो एका शेतात भंगार मोटारींवरून नेला. थोड्याच काळात हेच दृश्य मोठ्या क्रीडागारांत हजारो प्रेक्षकांसमोर दाखविले जाऊ लागले. येथे अर्थाचा पालट झाला. अडथळा ओलांडण्यासाठी घेतलेली उंची आता दुसऱ्या वाहनाच्या वर असण्याची खूण ठरली. मोटार ही चिरडण्याची वस्तू झाली, मग ती क्रीडेपुरती का असेना.

३. उंची आणि वाहनचालन

घरगुती ट्रक उंच केल्याने चालविण्यात कोणते फरक पडतात, हे पाहणे आवश्यक आहे. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर वाहन अधिक झुकते. जड टायरमुळे ब्रेकवरील ताण वाढतो. मूळ टायर ३१ इंचांचे असून त्याजागी ३५ इंचांचे बसविले आणि वेगदर्शक नव्याने जुळविला नाही, तर काटा ६० मैल दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे ६८ मैल असतो. पुढचे दिवे पुन्हा खाली वळविले नाहीत, तर त्यांचा झोत पुढील मोटारीच्या आरशात थेट पडतो. जाणकार मालक या सर्व दुरुस्त्या करून घेतात. जे करीत नाहीत, त्यांची उणीव इतरांना सोसावी लागते. डांबरी रस्ता कधीही न सोडणाऱ्या अशा ट्रकला खुद्द शौकिनांच्या वर्तुळात ‘मॉल क्रॉलर’ असे उपहासाने म्हटले जाते, हे लक्षणीय आहे.

पादचाऱ्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी वाहनांच्या धडकेने मृत्युमुखी पडले. २०२२ मध्ये ही संख्या ७,५०० हून अधिक झाली. या वाढीची कारणे अनेक आहेत आणि ती उंचावलेल्या ट्रकच्या माथी मारता येणार नाही. तथापि, महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या वाहनांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे, त्यांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. मूळच्या उंच बॉनेटमध्ये मालकाने आणखी काही इंचांची भर घातली, की समोर उभे असलेले लहान मूल चालकाच्या दृष्टीआड जाण्याचा संभव वाढतो.

काही चालकांनी उंचीला उघड आक्रमकतेची जोड दिली. डिझेल ट्रकमधील प्रदूषणरोधक यंत्रणा काढून सायकलस्वारांवर काळा धूर सोडण्याचा प्रकार २०१४ च्या सुमारास देशभर चर्चेत आला. २०२१ मध्ये टेक्सासमधील वॉलर काउंटीत एका अल्पवयीन पिकअपचालकाने सहा सायकलस्वारांना धडक दिली. तो धूर सोडीत होता, असे सोबतच्या सायकलस्वारांनी सांगितले. अशा चालकांवरून सर्व मालकांची पारख करणे अन्यायाचे ठरेल. परंतु या कृतीत वाहन हे दुसऱ्याला धाक घालण्याचे साधन बनले, हे नाकारता येत नाही.

४. कायद्याची भूमिका

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ अन्वये नोंदणीनंतर वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर देशपातळीवर कठोर निर्बंध आहेत. अमेरिकेत मालकाने केलेल्या उंचीचे नियमन प्रामुख्याने राज्यांकडे असल्याने मर्यादा ठिकठिकाणी भिन्न आहेत. वाळवंटी शर्यतीच्या ट्रकवरून आलेली, पुढचा भाग उंच व मागचा भाग खाली ठेवण्याची ‘कॅरोलिना स्क्वॉट’ ही पद्धत चालकाची दृष्टी रस्त्यावरून वर नेते. नॉर्थ कॅरोलिनाने २०२१ मध्ये, व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने २०२३ मध्ये तिच्याविरुद्ध कायदे केले.

याच्याशी एक तुलना उद्बोधक ठरते. कॅलिफोर्नियातील मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी मोटारी उंच करण्याऐवजी खाली आणण्याची कला जोपासली. १९५८ च्या सुमारास तेथील राज्याने चाकाच्या कड्यापेक्षा खाली येणाऱ्या बांधणीवर बंदी घातली. ती उठण्यास २०२४ साल उजाडावे लागले. संथ गतीने मिरविणाऱ्या बुटक्या मोटारी सहा दशकांहून अधिक काळ कायद्याच्या नजरेत राहिल्या, तर उंच ट्रकचे पुष्कळसे नियमन प्रत्यक्ष अपघातांनंतर आले. कायद्याला कोणाचे वाहन प्रथम धोकादायक वाटते, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, हेच यावरून दिसते.

समारोप

उंचावलेला पिकअप ट्रक चिखलवाटेवर जन्मला, खडकांत शहाणा झाला, क्रीडागारात प्रसिद्धीस आला आणि अखेर महामार्गावर स्थिरावला. या प्रवासात त्याची उंची वाढत गेली, परंतु उंचीबरोबर आलेली सावधगिरी सर्वांनी सोबत आणली नाही. मोआबच्या खडकावर चालक सोबत्याला उतरवून त्याच्या हाताच्या इशाऱ्याकडे पाहत पुढे सरकतो, कारण बॉनेटपुढचे आपल्याला दिसत नाही हे त्याला ठाऊक असते. शहरातील चौकात असा इशारा करणारे कोणी नसते. तेथे समोर असतो तो रस्ता ओलांडणारा अनोळखी माणूस. त्याचे जीवित सुरक्षित राखण्याइतकी ती जुनी सावधगिरी रस्त्यावर उतरावी, ही अपेक्षा या वाहनसंस्कृतीला परकी नाही. ती तिच्याच इतिहासातून आलेली आहे.