'गेलो होतो' आणि इंग्रजीतील काळ

इंग्रजी क्रियापदाचे वर्तमान, भूत व भविष्य असे तीन काळ आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण व चालू पूर्ण असे चार प्रकार मिळून बारा रूपांचा तक्ता शाळेत शिकविला जातो. राज्यातील मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून सुरू होणारी इंग्रजी २००० सालापासून पहिलीत आली. तिची पाठ्यपुस्तके पुण्यातील 'बालभारती' तयार करते. तरीही तक्ता तोंडपाठ असलेला उमेदवार नोकरीच्या मुलाखतीत अडखळतो. त्याचे कारण बहुधा पाठांतरात नसून मराठीच्या सवयीत असते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण पूर्ण भूतकाळाचे. 'मी काल मुंबईला गेलो होतो' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. जाऊन परतही आलो, एवढेच त्यातील 'होतो' सुचविते. त्याचे शब्दशः रूपांतर 'आय हॅड गॉन टू मुंबई यस्टर्डे' असे केले, की इंग्रजी ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. 'हॅड'ला भूतकाळातीलच दुसऱ्या क्रियेचा संदर्भ लागतो. 'मी स्थानकावर पोचण्यापूर्वी डेक्कन क्वीन सुटली होती' येथे गाडी सुटणे आधीचे, पोचणे नंतरचे. म्हणून 'हॅड लेफ्ट' योग्य. एकट्या घटनेला साधे 'वेन्ट' पुरते.

'मी कालच अर्ज दिला आहे' या वाक्यातही असाच सापळा आहे. 'यस्टर्डे'सारखा निश्चित गतकाळ सांगितल्यावर इंग्रजीत 'हॅव' चालत नाही. तेथे 'गेव्ह' हवे. उलट 'मी दहा वर्षे पुण्यात राहतो' यातील साध्या वर्तमानकाळासाठी इंग्रजीला 'हॅव बीन लिव्हिंग' लागते.

भविष्यकाळाची गंमत निराळी. मराठीत 'करीन, करशील, करील' अशी क्रियापदाचीच रूपे आहेत. इंग्रजी क्रियापदाला असे रूपच नाही. 'विल' या सहायकाचा आधार घ्यावा लागतो. त्यामुळे काटेकोर व्याकरणकार इंग्रजीत वर्तमान व भूत असे दोनच काळ मानतात. मात्र बोलताना मराठी माणूसही आपले भविष्यकाळाचे रूप टाळतो. घराबाहेर पडताना तो 'आलोच' म्हणतो, म्हणजे भविष्यासाठी चक्क भूतकाळ वापरतो! 'पाऊस आला तर सामना रद्द होईल' यातही 'आला' हे भूतकाळी रूप आहे. इंग्रजीत तेथे वर्तमानकाळ येतो : 'इफ इट रेन्स'. 'इफ इट विल रेन' ही सर्रास आढळणारी चूक आहे.

'आय अ‍ॅम नोइंग' हा प्रकारही टाळावा. जाणणे, असणे, आवडणे अशा स्थितिदर्शक अर्थाच्या क्रियापदांना सहसा चालू काळ लागत नाही.

अनियमित रूपे मात्र पाठच करावी लागतात. 'पुट' व 'कट' भूतकाळातही बदलत नाहीत. 'गो'चे 'वेन्ट' हे रूप मुळात 'वेन्ड' या वेगळ्याच क्रियापदाचे. 'रीड'चे स्पेलिंग तेच राहते, पण भूतकाळात उच्चार 'रेड' होतो.