स्फोटचलित साधनांच्या चाचण्या
स्फोटचलित साधनांच्या चाचण्या : अल्प स्फोटक भाराच्या दाबाने दट्ट्या सरकविणे, खीळ ओढणे, बोल्ट तोडणे यांसारखे काम एकदाच व क्षणार्धात करणाऱ्या साधनांना स्फोटचलित साधने म्हणतात. अपोलो यानाच्या प्रत्येक उड्डाणात अशी दोनशेहून अधिक साधने होती. चाचणी घेतलेला नग नष्ट होतो. प्रत्यक्ष वापरावयाच्या नगाची चाचणी घेताच येत नाही. चाचणीपद्धतींचा इतिहास हा मुख्यतः या पेचाचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील ब्रूसटन येथील स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत ‘चढ-उतार’ पद्धत रूढ झाली. नग पेटल्यास पुढील नगाला एक पायरी कमी आणि न पेटल्यास एक पायरी अधिक उत्तेजन द्यावयाचे. डिक्सन व मूड यांनी १९४८ मध्ये तिचे सांख्यिकीय विवेचन प्रसिद्ध केले. निम्मे नग पेटतील अशी पातळी तीमुळे थोड्या नगांत कळते. परंतु अभियंत्याला हवी असते ती हजारांत एखादाच चुकेल अशी पातळी. ९५ टक्के विश्वासपातळीवर ०·९९९ विश्वासार्हता केवळ प्रत्यक्ष चाचणीने दाखवावयाची, तर २,९९५ नग एकही अपयश न येता उडवावे लागतात. तेवढे नग जाळणे परवडत नसल्याने प्रसामान्य वितरण गृहीत धरून टोकाचा अंदाज बांधतात. लँगली (१९६२) व नेयर (१९९४) यांनी पायऱ्यांची निवड सुधारली, तरी टोकाविषयीचे हे गृहीतक तसेच राहिले.

नको तेव्हा पेटणे हा दुसरा धोका. १४ एप्रिल १९६४ रोजी केप केनेडी येथे डेल्टा रॉकेटाच्या तिसऱ्या टप्प्याचे एंजिन स्थिर विद्युतामुळे जमिनीवरच पेटले व तिघांचा बळी गेला. प्रज्वलकावर ५०० पिकोफॅराडचे, २५,००० व्होल्टपर्यंत भारित केलेले धारित्र रिकामे करून तो पेटत नाही याची खात्री करतात, ती अशाच धोक्यासाठी. १ अँपिअर प्रवाह व १ वॉट शक्ती ५ मिनिटे सोसण्याची कसोटीही प्रचलित आहे.

नग न उडविता पाहण्यासाठी क्ष-किरण व न्यूट्रॉन चित्रण वापरतात. क्ष-किरणांनी धातूचे भाग दिसतात. धातूआडचा हायड्रोजनयुक्त स्फोटक भार न्यूट्रॉनांनी अधिक स्पष्ट दिसतो.

तथापि साधन ‘चालले’ एवढ्याने ते किती राखून चालले, हे कळत नाही. ‘हॅलो’ या उपग्रहीय उपकरणाच्या खीळ ओढणाऱ्या साधनाला अपयश आल्यावर बेमेंट व सहकाऱ्यांनी त्याची छाननी करून १९९१ मध्ये निष्कर्ष मांडले. बेमेंट व शिमेल यांच्या १९९५ च्या नासा पुस्तिकेत काडतुसाने दिलेली ऊर्जा व कार्यास लागणारी किमान ऊर्जा प्रत्यक्ष मोजून त्यांची तुलना करण्यावर भर आहे. दट्ट्याने मधमाशांच्या पोळ्यासारखी रचना असलेला धातूचा ठोकळा किती चेपला, यावरूनही दिलेली ऊर्जा काढता येते.