राव, आर्. राज

राव, आर्. राज : (१९५५– ). भारतीय इंग्रजी कादंबरीकार, कवी, नाटककार व समीक्षक. भारतीय विद्यापीठांत समलिंगी साहित्याचे अध्यापन सर्वप्रथम सुरू करणाऱ्या प्राध्यापकांत त्यांची गणना होते. जन्म मुंबई येथे. मुंबई विद्यापीठाची पीएच्.डी. (१९८६) मिळविल्यानंतर त्यांनी इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात संशोधन केले. १९९६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखक-उपक्रमात ते सहभागी झाले. त्यांची अध्यापकीय कारकीर्द मुख्यतः पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) इंग्रजी विभागात घडली. या विभागाचे ते प्रमुखही होते.

स्लाइड शो (१९९२) हा त्यांचा काव्यसंग्रह. त्यानंतर वन डे आय लॉक्ड माय फ्लॅट इन सोल सिटी (१९९५) हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांच्या कवितांच्या आधारे रियाद वाडिया यांनी बॉमगे (१९९६) हा लघुपट तयार केला. निस्सिम इझिकेल या कवीचे त्यांनी लिहिलेले चरित्र २००० मध्ये प्रकाशित झाले. द बॉयफ्रेंड (२००३) ही त्यांची पहिली कादंबरी आणि हॉस्टेल रूम १३१ (२०१०) ही त्यानंतरची उल्लेखनीय कादंबरी होय.

राव यांच्या अध्यापनाची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यास त्याचे महत्त्व स्पष्ट होते. इंग्रजीतील ‘क्विअर’ या शब्दाचा मूळ अर्थ विचित्र, चमत्कारिक असा असून समलिंगी व्यक्तींना हिणविण्यासाठी तो दीर्घकाळ वापरला जाई. ज्यांना हिणविले जाई, त्यांनीच पुढे तो स्वतःची ओळख म्हणून स्वीकारला. मीशेल फूको या फ्रेंच विचारवंताने १९७६ मध्ये लैंगिकतेच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध करून लैंगिक ओळख ही निसर्गदत्त नसून ज्ञान व सत्ता यांच्या व्यवहारातून घडते, असे प्रतिपादन केले. ईव्ह सेजविक व जूडिथ बटलर यांच्या १९९० मधील ग्रंथांनी या विचाराला साहित्यसमीक्षेत व तत्त्वज्ञानात स्थान मिळवून दिले. भारतात होशंग मर्चंट यांनी संपादिलेला याराना (१९९९) हा संग्रह आणि रूथ वनिता व सलीम किदवई यांनी संपादिलेला सेम-सेक्स लव्ह इन इंडिया (२०००) हा ग्रंथ यांमुळे या अभ्यासास देशी संहितांचा आधार लाभला. दुसऱ्या ग्रंथात प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंतच्या अनेक भारतीय भाषांतील उतारे एकत्र केलेले असल्याने हा विषय पाश्चात्त्यांकडून आला, या आक्षेपाला परस्पर उत्तर मिळाले.

असे असूनही विद्यापीठीय अभ्यासक्रमात या साहित्याला सहज प्रवेश मिळाला नाही. द बॉयफ्रेंडच्या प्रकाशनानंतर राव यांनी पुणे विद्यापीठात क्विअर अभ्यासमंडळ स्थापन केले. तथापि स्वतंत्र अभ्यासपत्रिकेस संमती मिळेपर्यंत अनेक वर्षे गेली. अखेर २००७ मध्ये हा विषय शिकविण्यास प्रारंभ झाला, तो दलित साहित्याच्या जोडीने. समलिंगी साहित्य एकटे आले असते, तर ते दाराशीच अडविले गेले असते. प्रतिष्ठा पावलेल्या दुसऱ्या एका विद्रोही साहित्याच्या सोबतीने त्याला वर्गात प्रवेश मिळाला.

या जोडीला महाराष्ट्राच्या वाङ्मयेतिहासात विशेष अर्थ आहे. पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात पुणे व नाशिक या जिल्ह्यांबरोबर अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचाही समावेश होतो. दलित आत्मकथनाचा पाया घालणारे दया पवार (१९३५–९६) हे याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील धामणगावचे. त्यांचे बलुतं (१९७८) प्रसिद्ध झाले, तेव्हा असे उघडेवाघडे जगणे साहित्यात आणावे काय, हा वाद मराठीत झडला. आपल्याच समाजाची लाज चव्हाट्यावर मांडली, असा ठपकाही त्यांच्यावर आला. लाजेचा विषय मानलेले जगणे साहित्याचा विषय होऊ शकते, हे बलुतंने सिद्ध केले. समलिंगी साहित्याला पुढे याच कसोटीला सामोरे जावे लागले. अकोल्यातील एका खेड्यात सुरू झालेल्या या कहाणीने जी वाट मोकळी केली, त्याच वाटेने तीन दशकांनंतर पुण्याच्या वर्गातील ही अभ्यासपत्रिका गेली, असे म्हणता येते.

राव यांच्या सर्जनशील लेखनातही हा दुवा आढळतो. द बॉयफ्रेंडमध्ये युदी हा इंग्रजीत लिहिणारा मध्यमवयीन पत्रकार व मिलिंद हा दलित तरुण यांचे संबंध चितारलेले असून १९९२-९३ मधील मुंबईच्या दंगली या कथेच्या पार्श्वभूमीस आहेत. प्रेमामुळे जात व वर्ग यांच्या भिंती कोसळतात, अशी भाबडी समजूत ही कादंबरी बाळगत नाही. उलट आसक्तीच्या आतही पैसा, भाषा आणि जात यांची विषमता कशी टिकून राहते, हे ती दाखविते. पाश्चात्त्य सिद्धांत जसाच्या तसा भारतीय समाजास लावता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

हे अध्यापन सुरू झाले, तेव्हा १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांनाही लागू होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी असे संबंध या कलमातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय रद्द केला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने हे संबंध पुन्हा गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. राव यांचा क्रिमिनल लव्ह? (२०१७) हा भारतातील क्विअर सिद्धांत, संस्कृती व राजकारण यांवरील ग्रंथ या अंतिम निर्णयाच्या आदल्या वर्षीचा. शीर्षकातील प्रश्नचिन्ह त्या काळाचे द्योतक आहे. तत्पूर्वी दिव्यज्योती सरमा यांच्यासह त्यांनी व्हिसलिंग इन द डार्क (२००९) हा एकवीस मुलाखतींचा संग्रह संपादित केला होता. सिद्धांतापूर्वी साक्षी नोंदविण्याची ही पद्धत दलित आत्मकथनांशी नाते सांगणारी आहे.

राव यांच्या कार्याची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्यांचे लेखन इंग्रजीत असल्याने अहमदनगर, नाशिक यांसारख्या जिल्ह्यांतील मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ते परक्या भाषेतूनच भेटते. मराठीत विजय तेंडुलकर यांनी मित्राची गोष्ट (१९८१) या नाटकात हा विषय रंगभूमीवर आणला होता; पुढे बिंदुमाधव खिरे यांची पार्टनर (२००५) व सचिन कुंडलकर यांची कोबाल्ट ब्लू (२००६) या कादंबऱ्यांनी त्याला आणखी बळ दिले. मात्र या साहित्याची मराठी परिभाषेत सुसूत्र समीक्षा घडविण्याचे कार्य पुष्कळसे बाकी आहे. कायद्याने ज्या जगण्याला गुन्हा ठरविले होते, त्याला राव यांनी कायदा बदलण्याच्या अकरा वर्षे आधी अभ्यासाचा दर्जा मिळवून दिला. महाराष्ट्राच्या विद्यापीठीय इतिहासात त्यांचे स्थान निश्चित होते, ते मुख्यतः या कार्यामुळे.